टॉवरचा चौथा कान

"टॉवर तं फुल दिसते, मंग चालत काहून नाही?"

भंडारा जिल्ह्यात मी मोबाइलच्या टॉवरांवर चढायला लागलो त्याला आता अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत हा प्रश्न मला पानठेल्यावर विचारला गेला, दवाखान्याच्या रांगेत विचारला गेला आणि एकदा तर तेरवीच्या पंगतीत वाढणाऱ्याने वरणाची बादली हातात तशीच धरून विचारला. वरण मात्र उत्तर मिळेपर्यंत वाढलं नाही.

डोक्यावर हेल्मेट आणि कमरेला पट्टा दिसला की लोकांना वाटतं, सगळं याच्याच हातात आहे. जवाहरनगरच्या क्वार्टरांत एक निवृत्त काका राहत. त्यांच्याकडे वहीच होती. सकाळी सहाला सिग्नलच्या तीन दांड्या, साडेसहाला दोन, आंघोळ करून आल्यावर चार. माझ्यासमोर वही धरून ते म्हणायचे, "मंगळवारी दुपारी तुम्ही काय केलं होतं, आठवा." साकोलीच्या एका किराणावाल्याने मला चहा पाजला, वर खारी दिली आणि हळूच म्हणाला, "चढलेच हा तं अँटिना जराशी आपल्या दुकानाकडं वळवून द्या ना भाऊ. मी कोनाले सांगत नाही." मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो. "साहेबांना सांगतो." कारण खरं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

मी सातवी पास. आठवीत दिवाळीपर्यंत बसलो, पुढे नाही. वर चढायचं, पेटी बसवायची, बोल्ट आवळायचे, केबल जोडायची आणि खाली यायचं, एवढं माझं काम. पेटीच्या आत काय चालतं ते शिकलेल्यांचं काम, असं मी मनाशी ठरवून टाकलेलं होतं. ते मला कळलं एका चुकीमुळे, आणि ती चूक माझीच होती. तीच इथे लिहितो. गावाचं नाव लिहीत नाही. साकोलीपासून आत, एका जुन्या मालगुजारी तलावाच्या काठावरचं गाव, एवढं पुरे. चूक माझी होती, गावाचं नाव कशाला?

मी मूळचा सिंधुदुर्गातला. माडावर चढून नारळ काढणं हा आमच्या घरचा धंदा. आमच्याकडे अशा माणसाला पाडेली म्हणतात. गावात टॉवर उभारायला माणसं आली तेव्हा त्यांच्या मुकादमाने मला माडावर चढताना पाहिलं. "बेल्ट लावशील तर पगार मिळेल," म्हणाला. त्या माणसाने माझी शाळा विचारली नाही. स्वतः पुढे होऊन मला उंचीवर काम करण्याचं ट्रेनिंग दिलं, सर्टिफिकेट मिळवून दिलं. त्याचे उपकार मी रोज पट्टा बांधताना आठवतो. त्याच्याबरोबर नागपूरकडे आलो, तो पुढे दुसऱ्या राज्यात गेला, मी इथेच राहिलो.

लोकांना वाटतं उंचावर काम करणारा माणूस धीट असतो. मी मुळीच धीट नाही. हुक अडकवल्यावर तीनदा ओढून बघतो. खाली उतरल्यावर बोल्ट आवळायचे पाने मोजतो, वर एखादा राहिला तर कुणाच्या डोक्यात पडेल म्हणून. संध्याकाळी आईचा फोन येतो. "बाबू, जेवलंस मां? आज खंय चडलेलंस?" टॉवर चाळीस मीटरचा असला तर मी वीस सांगतो.

तर त्या तलावाकाठच्या टॉवरची गोष्ट.

टॉवरला तीन बाजू असतात. एकेका बाजूला एकेक उंच, पांढरी, चपटी पेटी. ती अँटिना. आमच्या या टॉवरची एक बाजू तलावाकडे होती, एक हायवेकडच्या रस्त्याकडे आणि एक जंगलाकडे. बाहेरून पेटी एक दिसते, पण तिच्या आत कितीतरी अँटिना असतात. पूर्वी प्रत्येक पेटीला खालून दोन केबली जोडायच्या, त्यांचं दुसरं टोक वरच, त्या बाजूच्या रेडिओच्या डब्याला. त्या वर्षी ज्येष्ठात आम्हाला सांगितलं, जुनी पेटी काढा, नवी लावा, आता दोनाच्या जागी चार केबली. म्हणजे प्रत्येक बाजूला टॉवरला दोनाऐवजी चार तोंडं आणि चार कान झाले. टॉवर ज्या अँटिनांनी बोलतो त्यांनीच ऐकतो.

तीन बाजूंच्या बारा केबली. दिसायला सगळ्या सारख्या, काळ्या, अंगठ्याएवढ्या जाड. त्या ओळखायच्या कशा? त्यासाठी रंगीत टेप. तलावाकडची बाजू निळी, रस्त्याकडची लाल, जंगलाकडची पिवळी. पहिल्या केबलीला टेपचा एक वेढा, दुसरीला दोन, असे चारपर्यंत. रंग बाजू सांगतो आणि वेढे नंबर सांगतात. खुणा खाली जमिनीवर करायच्या, मग वर जाऊन रंग बघून जोडायच्या. इतकं सोपं काम की त्यात चूक होण्यासारखं काही नाही, असं मीच नव्या पोरांना सांगायचो.

त्या दिवशी आठ केबलींना खुणा झाल्या आणि टेप संपली. निळीही संपली, लालही संपली. उरल्या चार केबली, तलावाकडच्या तीन-चार नंबरच्या आणि रस्त्याकडच्या तीन-चार नंबरच्या. साकोलीला जाऊन टेप आणायची तर अर्धा दिवस जाणार, आणि वर ढग भरून आलेले. माझ्याबरोबर खाली नरेशभाऊ होता. तो टॉवर सांभाळणारा टेक्निशियन, आसगावचा, घरची धानाची शेती. तो म्हणाला, "उद्या करू ना बे. टॉवर का पळून जाऊन रायला का?" पण मला काम अर्धं टाकलं की झोप लागत नाही.

तेवढ्यात तलावाच्या पाळीवरून, म्हणजे काठाच्या बांधावरून, एक म्हातारे गृहस्थ आले. खांद्यावर जाळं. ढीवरांच्या टोलीतले देवाजी. तलावाच्या पलीकडच्या काठाला त्यांची वीसेक घरं. मासेमारी हाच धंदा.

"पडनार तं नाही ना जी?" वर बघत त्यांनी मला विचारलं.

"नाही, पट्टा आहे."

"पडलेच तं तलावाकडं पडजा. आमच्यापाशी जाळं हाय."

नरेशभाऊ खो खो हसला. मी त्यांना म्हटलं, "काका, जाळ्याचा थोडा दोरा आहे का?" त्यांनी कनवटीला बांधलेली हिरव्या नायलॉन दोऱ्याची गुंडी काढून दिली. "घ्या. धा वर्सं सडत नाही."

मी त्या दोऱ्याने खुणा केल्या. तिसऱ्या केबलीला तीन गाठी, चौथीला चार. दोन्ही बाजूंच्या केबलींना तशाच. वाचणाऱ्याच्या आताच लक्षात आलं असेल. टेप दोन गोष्टी सांगते, रंग आणि नंबर. दोऱ्याला रंग एकच. नंबर बांधला गेला, बाजू बांधली गेलीच नाही. ती मी डोक्यात ठेवली. वर चढलो तोवर वारा सुटला होता.

मी जोडलं, खाली आलो. दांड्या फुल. नरेशभाऊने आसगावला घरी फोन लावून पाहिला, स्वच्छ आवाज. काम संपलं. उरलेला दोरा मी खिशात टाकला.

भाद्रपदात पावसाने दडी मारली. आम्ही त्याच टॉवरची बॅटरी बदलायला गेलो होतो. देवाजी समोर हजर. या वेळी बरोबर त्यांची सून, वनिता. पोट दिसत होतं, सातवा महिना.

"तुमचा टावर खराब हाय," देवाजी म्हणाले. नमस्कार नाही, चहा नाही.

मी त्यांचा फोन बघितला. दांड्या फुल. मी तेच नेहमीचं म्हटलं, "साहेबांना सांगतो."

"तीन मयने झाले, सांगूनच रायलो. चार डाव तक्रार केली. तिकून मेसेज येते, सर्व नॉर्मल. फोनवर बोलनं होते, मी कोठी नाही म्हनतो? पन पोरीचं काय?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचा मुलगा सुनील जन्मापासून ऐकत नाही. वनिताही ऐकत नाही. दोघं मूकबधिर शाळेत भेटले, लग्न केलं. सुनीलला सुरतेला धाग्याच्या कारखान्यात काम मिळालं, तेही फार खेटे घातल्यावर. ही दोघं बोलतात हातांनी. म्हणून त्यांना फक्त व्हिडिओ कॉल चालतो. ज्येष्ठापासून इकडून जाणारा व्हिडिओ अडकायला लागला. ऐकणाऱ्या माणसाचं चित्र अडकलं तरी आवाज पुढे सरकतो, निभतं. हिचा हात मध्येच थांबला की शब्दच तुटला. चित्र धूसर झालं की चेहरा ओळखू येतो, पण बोटांचा गोळा होतो.

"मेसेज लिहून नाही का चालत?" मी विचारलं.

देवाजींनी माझ्याकडे बघितलं. "तुमची माय हाय ना जी? तिच्यासंग तुमी लिहून बोलता का?"

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही.

वनिताने सासऱ्यांच्या दंडाला हात लावला आणि भराभर हात हलवले. देवाजी बघत राहिले, मग म्हणाले, "ते म्हनते का, पोळा झाला, आता सुनील म्हनून रायला, नोकरी सोडून येतो. तू दिसत नाही, पोटातल्याचं काही समजत नाही, मी इथं काय करू? या मयन्याच्या आखरीले येतो म्हनते. आला तं ते नोकरी पुन्हा भेटत नाही जी. आमच्या पोराले कोन ठेवते?"

त्या दिवशी पहिल्यांदा मी "साहेबांना सांगतो" म्हटलं आणि खरोखर सांगितलं.

नागपूरच्या ऑफिसात एक मॅडम होत्या. कुठला टॉवर कसा चालतो ते त्या आकड्यांवरून बघत. मी त्यांना कधी फोन केला नव्हता. भीती वाटायची. नरेशभाऊने नंबर लावून फोन माझ्या हातात कोंबला.

मॅडम बघून म्हणाल्या, "तलावाकडची बाजू ना? सरासरी वेग चांगला आहे. अलार्म एकही नाही. सगळं नॉर्मल दिसतंय."

मी "बरं मॅडम" म्हणून ठेवणारच होतो. नरेशभाऊने फोन ओढून घेतला. समोर तलावाचं पाणी सोडलेलं होतं आणि धानाच्या बांध्यांतून, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांतून, ते हळूहळू खाली सरकत होतं. पाऊस नसला की इकडे असं तलावाचं पाणी वाटून घेतात. तुडूम, म्हणजे तलावाची मोरी, कधी उघडायची, कधी बंद करायची, हे एका माणसाकडे असतं. नरेशभाऊने तिकडे बघत बघतच सांगितलं.

"मॅडम, आमच्याकडं पानी सोडनारा मानूस पहिल्या बांधीत पाहून घरी जात नाही. पहिली बांधी तं भरतेच, तोंडापाशी हाय ते. तो शेवटच्या बांधीपावतर चालत जाते, तिथं पाय बुडवून पाहते आन् मंग तुडूम बंद करते. तुमी सर्व्या बांध्यांचं पानी एकात मिसळून मोजून रायले. शेवटच्या बांधीचं सांगा."

मग मॅडम म्हणाल्या, "थांबा. फक्त दूरचे फोन काढून बघते."

त्या बघेपर्यंत, आणि नंतरही, त्यांनी मला जे समजावलं ते मला पहिल्यांदाच कुणीतरी समजावलं होतं. माझ्या शब्दांत सांगतो.

टॉवरजवळ वाटायला पाणी नसतं, पण तसंच एक मर्यादित काहीतरी असतं, बोलण्याची जागा. ती जागा खालचं यंत्र सगळ्या फोनांना तुकडे करून वाटतं, आणि हे वाटप एका सेकंदात हजार वेळा नव्याने करतं. प्रत्येक फोन टॉवरला सारखा सांगत असतो, मला आत्ता इतकं ऐकू येतंय. टॉवरही ऐकत असतो, याचा आवाज मला किती येतोय. ज्याचं ऐकणं-बोलणं या क्षणी चांगलं चाललंय त्याला मोठा तुकडा, पण कोण किती वेळ उपाशी आहे याचीही आठवण ठेवायची. माणूस हलला, मध्ये ट्रॅक्टर आला, की वाटप बदललं. आणि कान-तोंडं जितकी जास्त तितकी सोय जास्त. चार तोंडं एकदिलाने बोलली तर आवाज एकाच माणसाच्या दिशेला जातो, बाजूच्याला त्रास नाही. चार कान मिळून ऐकले तर लांबचा दबका आवाजही पकडता येतो.

"दांड्या फुल म्हणजे टॉवरचा आवाज तुम्हाला येतो, एवढंच," मॅडम म्हणाल्या. "तुमचा आवाज टॉवरला येतो की नाही, ते दांड्या सांगत नाहीत."

इतकी वर्षं लोक मला विचारत असलेल्या प्रश्नाचं उत्तर ते हेच. मी ते पाठ केलं.

मग त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. तलावापलीकडचे फोन फक्त एक आणि दोन नंबरवर ऐकू येतायत. तीन आणि चारवर जवळजवळ काहीच नाही. कनेक्टर ढिला असेल नाहीतर पाणी गेलं असेल. उद्या चढून बघा."

तीन आणि चार. हे ऐकलं तेव्हाच मला तो हिरवा दोरा आठवला होता. रात्रभर मी स्वतःला सांगत राहिलो, पाणी गेलं असेल.

सकाळी चढलो. परवानगी घेतलेली, नरेशभाऊ खाली. ऊन कोवळं होतं आणि वारा अगदी नव्हता. तलावाकडच्या पेटीखाली पोचलो आणि समोर हिरवा दोरा. तीन गाठी, चार गाठी. देवाजी म्हणाले होते तसा तो मुळीच सडला नव्हता. मी त्या केबलींवर हात ठेवून त्यांच्यामागे सरकत गेलो. त्या वळून रस्त्याकडच्या बाजूच्या रेडिओला जाऊन भिडत होत्या. आणि रस्त्याच्या पेटीच्या तीन-चार केबली तलावाच्या रेडिओला. तलावाकडच्या लोकांसाठी लावलेल्या चार कानांपैकी दोन कान तीन महिने रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

रस्त्याकडच्या लोकांना फरक पडला नाही. ते जवळ होते आणि त्यांना पुढे दुसराही टॉवर होता. यंत्राने तर काही वाईट केलंच नाही. त्याला जसं ऐकू आलं तसं त्याने वाटलं. लांबचा फोन दबक्या आवाजात काहीतरी म्हणतोय, नीट कळत नाही, म्हणून त्याला जपून, लहान तुकडा. आवाजाच्या कॉलला तेवढा पुरतो. वनिताच्या हातांना पुरत नव्हता.

मी चाळीस मीटरवर होतो. खिशात चाकू होता, टेपचे तिन्ही रंग होते. दोरा कापायचा, केबली बदलायच्या, टेप मारायची आणि खाली येऊन सांगायचं, कनेक्टर ढिला होता, आवळला. जगात कुणालाही कळलं नसतं. आमच्या ठेकेदाराचा नियम होता, चुकीची जोडणी करणाऱ्याला कामावरून काढायचं. मला काढलं तर सातवी पास माणसाला, या वयात, दुसरं कोण घेणार? देवाजी आपल्या मुलाबद्दल जे म्हणाले तेच मी स्वतःबद्दल म्हणत होतो.

"काय दिसून रायलं रे?" खालून नरेशभाऊ ओरडला.

"थांब जरा."

मी चाकू उघडलाही होता. खोटं कशाला बोलू? पण दोरा बोटात धरला आणि आठवलं, उरलेली गुंडी मी खिशात टाकली होती. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका गावाचा टॉवर केला तेव्हाही टेप आली नव्हती. तिथेही हाच दोरा बांधला होता. तिथे तक्रार नव्हती. पण तक्रार नाही म्हणजे बिघाड नाही, असं म्हणायला आता मला तोंड नव्हतं. आणि कारण सांगितल्याशिवाय त्या टॉवरवर चढायची परवानगी मिळणार नव्हती. एक दोरा लपवला असता. दुसरा कसा लपवणार?

चाकू मिटला. आधी फोटो काढले, गाठींसकट. मॅडमना पाठवले आणि तिथूनच फोन लावला.

"मॅडम, ही गाठ माझी आहे."

"गाठ? कसली गाठ?"

सगळं सांगितलं. टेप संपल्यापासून. दुसऱ्या टॉवरचंही. मग त्या म्हणाल्या, "हुक लावलाय ना नीट?"

"हो मॅडम. दोन्ही."

"मग आधी हे सरळ करा. सावकाश करा. खाली आल्यावर पुढचं बोलू."

नरेशभाऊने खालून दोन्ही बाजूंचे रेडिओ बंद केले. मी चारही केबली सोडल्या, पुसल्या, जिथल्या तिथे जोडल्या. निळ्याला निळी, लालला लाल, वेढे मोजून, पुन्हा मोजून. दोरे कापले ते टाकून दिले नाहीत, खिशात ठेवले. रेडिओ सुरू झाले. मॅडमचा मेसेज आला, चारही कानांना ऐकू येतंय.

मी खाली उतरलो आणि पाने मोजायलाही न थांबता पाळीवरून पलीकडे चालत गेलो. नरेशभाऊ मागून, "अबे, पाने!" म्हणून ओरडत.

वनिता अंगणात उभी होती, खांबाला टेकवलेल्या फोनसमोर. देवाजी जाळं शिवत बसले होते, पण फोनकडे पाठ करून. फोनमध्ये एक तरुण, मागे कारखान्याची भिंत. आणि त्या दोघांचे हात असे चालले होते की मला माडाची झावळं आठवली, वारा सुटल्यावरची. कुठे अडकणं नाही, कुठे थांबणं नाही. तिने पोटावर हात ठेवला, मग बोटांनी काहीतरी सांगितलं, आणि पलीकडचा माणूस तोंड उघडून, आवाज न करता हसला. मग त्याने डोळे पुसले आणि पुन्हा हात वर घेतले.

"काय बोलतायत काका?" मी हळूच विचारलं. हळू कशाला विचारलं कोण जाणे.

"मी कायले पाहू? नवरा-बायकोचं हाय." देवाजींनी दोऱ्यातून मान वर केली नाही. "दुसऱ्याच्या घरी कान झाकते, आमच्या घरी पाठ फिरवा लागते. तुमी बी फिरा."

मीही पाठ फिरवली. तलावाकडे बघत उभा राहिलो. पलीकडे आमचा टॉवर दिसत होता. मग तसंच पाठमोरं उभं राहून मी देवाजींनाही सांगितलं. तो दोरा, त्या गाठी, माझी चूक. ते जाळं शिवत राहिले.

"दोरा तं माझाच होता जी," शेवटी म्हणाले.

"पण गाठ माझी होती काका."

"हो. ते तं तुमचीच."

त्यांनी मला माफ केलं असं काही म्हटलं नाही. दोन मरळ मासे पळसाच्या पानात बांधून दिले, तेवढंच.

सुनील महिन्याच्या शेवटी आला नाही. नोकरीवर राहिला. बाळंतपणासाठी रीतसर सुट्टी घेऊन आला.

माझं पुढे काय झालं? ठेकेदाराने जे बोलायचं ते बोलून घेतलं, त्यातलं इथे छापता येणार नाही. नव्या कामावरून मला काही काळ काढलं. काढूनच टाकणार होता, पण मॅडमनी अहवालात लिहिलं होतं की ज्याने चूक केली त्यानेच ती शोधून स्वतःहून सांगितली आहे, आणि या माणसाला सगळे जुने टॉवर पुन्हा तपासायला द्यावेत, कारण कुठे बघायचं ते त्याला माहीत आहे. ते वाक्य नरेशभाऊने मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

दुसऱ्या टॉवरवरही तसंच निघालं. केबली सरळ केल्या. तिथल्या एका बाईंना मी विचारलं, "तीन महिने फोन नीट चालत नव्हता ना? तक्रार का नाही केली?" त्या धान निवडत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडं असंच चालते जी." हे वाक्य मला अजून बोचतं. देवाजी चार वेळा भांडले म्हणून त्यांची सून बोलू लागली. या बाईंचं कुणाशी काय बोलायचं राहून गेलं, ते मला कधीच कळणार नाही.

त्या हिवाळ्यात मी आणि नरेशभाऊ साकोलीपासून पवनीपर्यंत मी केलेले सगळे टॉवर फिरलो. एकेक केबल हाताने चाचपली. बाकी कुठेही चूक नव्हती, हे सांगताना मला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही. आता आमच्या भागात टेप संपली की काम बंद होतं. पोरं एकमेकांना विचारतात, "टेप हाय ना बे, का कोकनवाल्याचा दोरा बांधतो?" मी समोर असलो तरी विचारतात. मी हसतो. आता नव्या पेट्या आल्या आहेत. त्यांच्या आत अँटिनांची फौजच असते आणि बाहेर त्या केबली नाहीतच. चुकीला जागा राहिली नाही, असं साहेब लोक म्हणतात. मी पेटी लावतो, आणि मग ती ज्या दिशेला बघते त्या दिशेने चालत जातो, शेवटच्या घरापर्यंत. हे माझ्या कामात लिहिलेलं नाही. तिथे कुणाला तरी फोन लावायला सांगतो, आणि मगच सामान गाडीत टाकतो.

संक्रांतीच्या सुमारास त्या गावावरून जात होतो. देवाजींच्या अंगणात थांबलो. वनिताच्या मांडीवर मुलगी होती, सुनीलची सुट्टी अजून दोन दिवस होती. मला बघताच वनिताने दोन्ही हातांच्या चिमट्या समोर धरल्या, जणू त्यांत दोरा आहे, एकावर दुसरी फिरवून गाठ ओढली आणि बोट वर आभाळाकडे नेलं. सुनील हसला आणि त्यानेही तेच केलं.

"हे काय?" मी देवाजींना विचारलं.

"तुमचं नाव ठेवलं पोरीनं. त्याह्यच्यात ज्याले-त्याले असं एक नाव देते. मी म्हंजे जाळं. नरेश म्हंजे मिशी. तुमी म्हंजे हे."

"पण ती तर माझी चूक."

देवाजींनी हात हलवून सुनेला विचारलं. तिने उत्तर दिलं, लहानसं.

"म्हनते का, हो. चूक बी, आन् तुमी बी."

मुलीला मी जवळ घेतलं नाही, हाताला ग्रीस होतं. सुनीलने तिच्यासमोर हळूहळू, मोठी करून तीच खूण केली, माझ्याकडे बोट दाखवत. तिने त्याच्या हातांकडे बघितलं. डोळे मोठे करून बघितलं.

संध्याकाळी आईचा फोन. जेवलंस मां, खंय चडलेलंस. मी या वेळी चाळीस मीटर म्हणजे चाळीसच सांगितलं. तिने जपून चढ म्हणून सांगितलं. मग म्हणाली, "थंय लोकां तुका काय म्हणान हाक मारतत रे?"

मी फोन खांद्याने कानाशी धरला, दोन्ही हात मोकळे केले आणि हवेत गाठ मारली.